वहिनीचा फळा

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात फोन लावलात की पलीकडून "बोला" असा एक दमलेला आवाज येतो, ती माझी वहिनी. तिची बोला म्हणायची तऱ्हाच अशी आहे, की माणूस आपोआप सुरू होतो आणि मग आवरत नाही. नळाला पाणी नाही, रस्त्यावरचा दिवा गेलाय, सून जेवायला विचारत नाही, पोराला नोकरी लावा. ती सगळं ऐकून घेते. घरी आल्यावर मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी म्हणते, "अगं बाई, आमच्यासाठीही दोन शब्द शिल्लक ठेवत जा." चपला काढता काढता ती म्हणते, "अर्ज लिहून द्या वन्सं, साहेबांपुढे ठेवते."

मला चिडवायचं असलं की मी वन्सं होते. एरवी ती मला नावानेच हाक मारते आणि गाव मला झेरॉक्सबाई म्हणतं. कार्यालयाच्या भिंतीला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मी लग्न केलं नाही, दादा-वहिनीच्या घरातच राहते. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर त्याची झेरॉक्स मी तिरकी काढते.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत साहेब, म्हणजे आमदार, आठवड्यातून एकदा बसतात. बाहेरच्या खोलीत वहिनी, तिचं एका पायाखाली पुठ्ठा घातलेलं टेबल, एकमेकांना साखळीने बांधलेल्या खुर्च्या आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. खुर्च्या साखळीने का बांधल्यात म्हणाल, तर आधीच्या दोन गेल्या. आमदाराच्या कार्यालयातून खुर्ची पळवली म्हणून गाव आठवडाभर हसत होतं.

बाहेरच्या भिंतीवर फळा आहे. साहेबांच्या आधी त्यांचे काका आमदार होते, त्यांनी तो लावला. मत मागायला लोकांच्या दारात जातो, तर सभागृहात आपण काय मत दिलं ते आपल्या दारावर लिहायला लाज कसली, असं त्यांचं म्हणणं. अधिवेशन संपलं की वहिनी स्टुलावर चढून खडूने लिहिते. डावीकडे विषय, उजवीकडे साहेबांचं मत. बाजूने, विरोधात किंवा गैरहजर. गावात कुणी थाप मारली तर समोरचा सरळ विचारतो, "फळ्यावर आहे का?" इतका तिच्या अक्षराचा दरारा.

काकांनी साहेबांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. मतदाराचा हात हातात आला की आपण आधी सोडायचा नाही, त्याने सोडला की मग सोडायचा. साहेब हे अक्षरशः पाळतात. एकदा एका बहिऱ्या आजोबांनी त्यांचा हात धरला आणि भाषण सुरू झालं तरी सोडेनात. साहेबांनी आजोबांना शेजारी उभं करून एका हाताने माईक धरला आणि पुरतं भाषण ठोकलं. टाळ्या आजोबांनाच जास्त पडल्या. मी साहेबांना नावं ठेवायला कमी करत नाही, पण तेवढ्यापुरता मला त्यांचा अभिमान वाटला होता.

आता दादाचं सांगते. दादा बसमध्ये कंडक्टर होता. मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस जागा व्हायचा असा त्याचा आवाज. मग मूत्रपिंडं गेली, आवाज गेला, नोकरी गेली आणि डायलिसिस आलं. घरातली सगळी चवही त्याबरोबर गेली. भाज्या उकडून त्यांचं पाणी टाकायचं, मीठ जवळजवळ नाहीच, दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून. उन्हाळ्यात तो त्या बाटलीकडे ज्या नजरेने बघतो ती मला बघवत नाही. पण आमच्या इस्पितळात डायलिसिसची खोली होती हे नशीब. घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. सुई टोचणारी नर्स दादाला "कंडक्टर, पुढे सरका" म्हणायची आणि तो हसायचा. मशीनवरून उतरल्यावर माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होतो. तेव्हा घर जवळ असणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं.

ही खोली बंद करायचं ठरलं. लहान गावातल्या सगळ्याच खोल्या बंद करून मशीनं मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायची. तिकडे जायचं म्हणजे जाता-येता अख्खा दिवस मोडणार. या खोल्या आहेत तिथेच राहाव्यात असा ठराव सभागृहात आला, तेव्हा साहेब त्यावर पोटतिडकीने बोलले. खोटं कशाला सांगू, चांगले बोलले. वहिनीने ते भाषण फोनवर दादाला ऐकवलं आणि दादाने ते पुन्हा लावायला सांगितलं.

मतदानाच्या दिवशी रुग्णांना सभागृहात आणायचं ही कल्पना वहिनीची. माणसं डोळ्यांसमोर दिसली की मत देताना हात अडखळतो, असं तिचं गणित. एक गाडी केली. दादा आणि त्याच्या बरोबरचे रुग्ण निघाले, सोबत वहिनी, आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला मी. तिथे गेल्यावर कळलं की बघणाऱ्यांची गॅलरी वरच्या मजल्यावर, आणि जिने बघून आमच्या माणसांना तिथेच धाप लागली. मग सगळे खाली लांबलचक व्हरांड्यात, सभागृहाच्या दाराबाहेरच्या बाकांवर बसले. वहिनीला वाईट वाटलं. एवढ्या लांबून आली बिचारी, निदान साहेबांनी भेटावं. ती दारावरच्या शिपायाकडे निरोप देऊन आली, की साहेब, पाच मिनिटं बाहेर या, त्यांना बरं वाटेल.

साहेब आले. प्रत्येकाचा हात हातात घेतला, चौकशी केली. दादा सगळ्यात शेवटी. दादाने साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि आभार मानायला लागला. "तुमच्यामुळे आम्ही जगलो साहेब. तुम्ही आमच्यासाठी मत दिलंत, आमच्या सात पिढ्या तुमचे उपकार विसरणार नाहीत..." काहीतरी लांबण लावलं होतं. मत अजून द्यायचं होतं, आणि हा आधीच आभार मानून मोकळा! तेवढ्यात घंटा वाजली. तिथे घंटा कशासाठीही वाजते, आम्हाला काय कळणार? पण ही मतदानाची, हे वहिनीला कळलं. साहेबांनाही कळलं. त्यांनी दाराकडे बघितलं, मग दादाच्या हातांकडे बघितलं. दादाचे डोळे भरून आले होते. साहेब तसेच उभे राहिले. वहिनी "अहो" म्हणून पुढे झाली, तोवर शिपायाने दार लावून घेतलं. मतं मोजून होईपर्यंत ते उघडत नाही.

ठराव दोन मतांनी पडला. साहेब आत असते तर एका मताने पडला असता. यात समाधान मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला ठरवता आलेलं नाही.

परतीच्या गाडीत वहिनीने एवढंच सांगितलं, की पडला. दादा खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "जाऊ दे. आपल्या साहेबांनी तरी आपल्याला मत दिलं. माणसाने अजून काय करायचं?" मी तोंड उघडणार होते, पण वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही घटनाच आहे. साहेबांचं मत हुकलं याचा दादाला पत्ताच नव्हता, आणि कळलं तर तो स्वतःला खात बसेल हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्याच्यात खाण्यासारखं उरलंय काय?

आणि फळा तर लिहायचा होता.

साहेब आले त्या दिवशी माझं दुकान रिकामं होतं आणि भिंत पातळ आहे. मी कान लावला नाही, कान तिथेच होता.

"फळा लिहिला नाही अजून?" साहेबांनी विचारलं.

"लिहिते," वहिनी म्हणाली.

"बाजूने लिही. भाषण बाजूने केलं, आत असतो तर मतही बाजूनेच पडलं असतं. खोटं काय त्यात?"

पंखा कुरकुरत होता.

"हे बघ," साहेबांचा आवाज खाली आला, "मी स्वतःसाठी सांगतोय असं समजू नकोस. म्हणजे, स्वतःसाठीही सांगतोच आहे. पण तुझ्या घरातला माणूस आहे तो. मी कुणाजवळ त्याचं नाव काढलेलं नाही, काढणारही नाही. मग त्याला कळेल असं आपणच भिंतीवर कशाला लिहायचं?"

मला राग यायला हवा होता, आला नाही. साहेबही थकलेलेच होते. शिवाय माझ्या मनातलंच बोलत होते.

संध्याकाळी ओट्यापाशी वहिनी दादाची भाजी उकडत होती. दादा बाहेरच्या खोलीत पडला होता. मी हळूच म्हटलं, "साहेब म्हणतात तसं लिही ना. एका शब्दाने कुणाचं काय बिघडतंय? दादाच्या जिवाला तेवढाच एक दिलासा आहे."

तिने भाजीचं पाणी मोरीत ओतलं. वाफ तोंडावर आली तरी ती बाजूला झाली नाही.

"दिवसभर मी काय करते माहितीये?" ती म्हणाली. "लोकांना बरं वाटेल असं बोलते. होईल हो, बघते हो, साहेबांच्या कानावर घालते हो. सगळं गोड गोड. तो फळा एवढी एकच जागा आहे जिथे मला कुणाला बरं वाटावं म्हणून लिहावं लागत नाही. साहेबांना बाहेर बोलावलं तेही त्यासाठीच, बरं वाटेल म्हणून. मला कंटाळा आलाय गं या बरं वाटण्याचा."

"आणि दादा?"

"तेच तर," ती म्हणाली आणि मटकन पाटावर बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही. मग म्हणाली, "भाजी वाढ त्यांना. गार झाली तर तेवढीही जायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या इस्पितळाची गाडी पहिल्यांदाच निघायची होती. गाडी कार्यालयासमोरूनच सुटते. मी दुकानाचं शटर वर केलं तेव्हा वहिनी स्टुलावरून उतरत होती. डावीकडे लिहिलं होतं, डायलिसिसच्या खोल्या गावातच ठेवाव्यात. उजवीकडे, गैरहजर. अक्षर नेहमीसारखंच, ठळक. खाली उतरल्यावर तिने हात पदराला पुसले आणि फळ्याकडे पाठ करून उभी राहिली.

दादा शाल पांघरून हळूहळू आला. कंडक्टरची सवय, फळा असो की पाटी, वाचल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं तो साहेबांना शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मत घेतलं तेव्हा कुठे होते साहेब?" त्याने वहिनीला विचारलं.

"बाहेर. तुमच्यासमोर."

"ती घंटा..."

"हो. त्यांना बाहेर मी बोलावलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नाही, मी."

"पण हात मी धरला होता," दादा म्हणाला.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. गाडीत बसलेली माणसं खिडकीतून फळ्याकडेच बघत होती. तेवढ्यात साहेबांची गाडी येऊन थांबली. रुग्णांना पहिल्या दिवशी निरोप द्यायला आले होते. उतरताच त्यांची नजर फळ्यावर गेली, तिथेच क्षणभर अडकली. मग ते सरळ दादाकडे आले आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

दादाने शालीतले दोन्ही हात आणखी आत ओढून घेतले.

"नको साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं दमलेपण होतं. "माझा हात लवकर सुटत नाही. तुम्ही आत जा."

आणि तो गाडीची कड धरून, एकेक पायरी करत चढला. साहेबांचा हात तसाच पुढे होता. आत कार्यालयातला फोन वाजायला लागला. वहिनीने गाडी वळेपर्यंत तो वाजू दिला, मग डोळे पुसले, आत गेली आणि म्हणाली, "बोला."