ज्वारीच्या कोठीतले बूट

दुपारचं जेवण उरकून छबूबाई हाताची उशी करून पडते, पण डोळा काही धड लागत नाही. टीव्हीवरचे लोक घसा फोडून आत्ताच लढाई लढतायत. ग्रामपंचायतीचा भोंगा हवाई हल्ल्याच्या सरावासाठी वाजतोय आणि गावातली कुत्री त्याला साथ देतायत. पेट्रोलची रांग शाळेपर्यंत आलीय. त्यात सकाळी धैर्यशीलला, तिच्या एकुलत्या एका लेकाला, पलटणीतून फोन आला. सुट्टी रद्द, संध्याकाळच्या गाडीने निघा. तेव्हा छबूबाईने एक शहाणपण केलं. त्याचे फौजी बूट ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवले. बुटांवाचून फौज अडेल, अशी तिची समजूत.

भोंगा बारीक होत जातो आणि पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागतो. छबूबाई गिरणीतच उभी आहे. पण गिरणीत रेल्वेचे रूळ कुठून आले? फलाटावर पीठ साचलंय. त्यात तिचा नवरा उभा आहे, मागच्या लढाईतून परत न आलेला. वय तेव्हाचंच, लेकापेक्षा जेमतेम मोठा. पाय अनवाणी.

"कवा आलासा?" ती विचारते. असं विचारायचं असतं का, तेही तिला कळत नाही.

"पाय भाजत्यात गं. बुटं दे की."

"कुठली?"

"कोठीतली."

छबूबाईला घाम फुटतो. गेलेल्या माणसाने स्वप्नात काही मागितलं तर देऊ नये, घरातलं माणूस त्याच्या मागोमाग जातं, असं तिची सासू सांगायची. पण हे स्वप्न आहे का? मग दूध उतू गेल्याचा वास कसा येतोय? फलाट कधीच स्वयंपाकघर झालाय, आणि नवरा खांद्यापर्यंत हात घालून कोठीतून बूट ओढतोय.

"ठेवा ती! तुमची न्हाईत!" ती बुटाची लेस धरून मागे खेचते.

"मग कुणाची?"

"माझ्या धैर्याची! त्योच घालंल. दुसऱ्या कुणाला मी द्यायची न्हाई!"

नवरा हात सोडतो आणि हसतो.

"मग त्याला दे की. माझ्यासारखा अनवाणी नगं फिरवूस."

"त्यो येईल नव्हं माघारी?"

त्याचे ओठ हलतात. तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजतो आणि उत्तर काही ऐकू येत नाही.

छबूबाई दचकून उठते. कोठीचं झाकण बंद आहे. वर तिने ठेवलेली परात जागची हललेली नाही. तिच्या मुठीला मात्र बुटाची काळी लेस करकचून गुंडाळलेली आहे, आणि वेढ्यात ज्वारीचा एक दाणा अडकलाय.

"आई," दारातून धैर्यशील विचारतो, "माझी बुटं कुठं बघितलीस का?"

ती मुठीकडे बघत राहते.

"बस हितं," ती म्हणते आणि परात खाली उतरवते. "काढून देती. लेस तेवढी मी बांधणार."