मिठाचं रिंगण

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे ‘तोफ’ म्हणत. तिने दारातून नवऱ्याला हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरून दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा “आलो, आलो!” म्हणायचा. पण शेळ्यांशी बोलताना हीच तोफ लोण्याहून मऊ. मी सख्खा मोठा भाऊ, पण तिच्याकडे मुक्कामाला गेलो की मला मागची गळकी खोली आणि शेळ्यांना पुढची कोरडी. का, तर म्हणे, “दादा, तुला खोकला झाला तर तू सांगशील तरी!”

दर उन्हाळ्यात ती शेळ्या घेऊन डोंगरमाथ्यावरच्या कुरणात जायची. शेळ्या तिथेच व्यायच्या. एका वर्षी तिथे हेलिकॉप्टर यायला लागलं. शहरातल्या हौशी मंडळींना रान बघायचं होतं, पण चालायचं नव्हतं. ते धूड खाली आलं की गवत आडवं व्हायचं, गवतातली पाखरांची घरटी अंड्यांसकट उडायची. रानबकऱ्या तर कड्यापलीकडे गेल्या त्या गेल्याच. आणि वर मंडळी विचारणार, “इथे प्राणी कसे दिसत नाहीत हो?”

“सकाळपर्यंत होते,” तोफ म्हणायची.

तिच्या शेळ्याही बिथरल्या. घरघर ऐकली की कड्याकडे धूम, कुरणात पाऊल टाकायला तयार नाहीत. सगळ्या गाभण, दिवस भरत आलेले. एखादी घसरली की आईही गेली आणि पिल्लूही. बहिणीचं जेवणावरून लक्ष उडालं.

शेवटी तिनेच युक्ती काढली. शेळी मिठासाठी जीव टाकते. आम्ही पोतंभर मीठ नेऊन कुरणाच्या मधोमध मोठं रिंगण आखलं. गोल अशासाठी, की सगळ्यांना एकदम तोंड घालता यावं, मारामाऱ्या नकोत. उरलेल्या मिठाची मी आत एक फुली काढली. झकास दिसत होती!

वैमानिकालाही ती झकास दिसली. इतके दिवस बिचारा कडेला कुठेतरी उतरायचा. त्या दिवशी थेट फुलीवर उतरला आणि हसत खाली येऊन म्हणाला, “बाई, जागा काय सुरेख आखून दिलीत! आभारी आहे.”

तोफ माझ्याकडे बघायला लागली. मी ढगांकडे.

पंख्याच्या वाऱ्याने मीठ उधळून हेलिकॉप्टरवर आणि मंडळींवर पिठासारखं बसलं होतं. इंजिन थांबलं, शांत झालं, तशी कपारीतून एकेक शिंग डोकावलं. मग काय! एक शेळी काच चाटतेय, दुसरी उघड्या दारातून मागच्या सीटवर.

“अहो, ही मला खातेय!” एक जाडजूड साहेब ओरडले.

“खात नाही, चाखतेय,” मी म्हणालो.

वैमानिक शेळ्यांना हुसकावून दमला. “इंजिन सुरू करतो, आपोआप पळतील.”

“हात तर लावून बघ!” तोफ कडाडली. “पुढे कडा आहे. एक जरी पडली ना, तर तुला तुझ्याच पंख्याला टांगीन!”

तेवढ्यात मागच्या सीटवरची शेळी कण्हली. तोफ वाकून बघते तो काय, पिल्लाचे पाय बाहेर!

मग वैमानिकाने शेळीचं डोकं धरलं, मंडळी दाराशी गोळा झाली आणि हेलिकॉप्टरात पिल्लू जन्माला आलं. बहिणीने ते ओलं लटपटतं गाठोडं वैमानिकाच्या मांडीवर ठेवलं. तो गडी पार विरघळला.

“उद्यापासून खाली रस्त्याजवळच उतरवतो,” तो हळूच म्हणाला. “इथे नाही. मंडळी चढून येतील.”

“चालत?” साहेब दचकले.

“पाय आहेत ना?” तोफ म्हणाली. “ती टोपी द्या इकडे. दुसरं येतंय, पुसायला काहीतरी हवं.”

साहेबांनी निमूटपणे टोपी दिली.