चूक पोटात घालणारी काठी

"मूठ सोड," चेअरमन म्हणाले. "तुझ्याच हातानं सोड. नवी गफूर गुंडाळील."

मी मुरमावर उकिडवा बसलो. कारखान्याच्या सुतारखात्यापुढं, भर दुपारी, दहा-बारा माणसांसमोर. मांडीवर गोल्फची काठी. तिच्या मुठीवरची चामड्याची पट्टी मी वेढ्यावेढ्यानं उकलायला लागलो. सरसानं धरलेलं चामडं सुटताना चर्र चर्र आवाज होतो.  शिपायानं ती पट्टी पकडीत धरून नेली आणि बॉयलरच्या भट्टीत टाकली.

मी "जी" म्हणालो होतो.

तो "जी" अजून माझ्या मागं आहे. मी तसा गप्पिष्ट माणूस. माझ्या गप्पांतली शेळी हत्तीएवढी असते, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. पण ही पट्टी मी वाढवून सांगत नाही. जागेपणी ती अडीच हात होती. झोपेत मात्र संपत नाही. उकलतोय, उकलतोय, पट्टी कळंब ओलांडून पार मुरुम गावाला पोचते, आणि शेवटी कुणाचा तरी तळहात चिकटलेला असतो. जवळ जाऊन बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.

कुणी म्हणंल, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गोल्फ? व्हय, गोल्फ. आमच्या सहकारी साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर बाहेरचे. त्यांनी कारखान्याच्या पडीक जागेत चार भोकं पाडली. मोठा दुष्काळ सरून चार वर्षं झालेली, पण आमच्या मातीला गवताची आठवण राहिली नव्हती. मग भोकाभोवती वाळू पसरून तिला जळकं ऑइल पाजलं. माणसं दोन कोसांवरनं पाणी आणायची. वाळूला जाग्यावर ऑइल मिळायचं.

चेअरमनना सगळे तात्या म्हणायचे. तात्यांनी हा खेळ मनावर घेतला, कारण मुंबईचे एक मोठे अधिकारी यायचे होते. त्यांच्या सहीवाचून कारखान्याचं वाढीव काम अडलेलं, आणि त्यांना गोल्फचा नाद. तात्यांचा पहिला फटका बरा बसायचा. दुसरा, म्हणजे जमिनीवर पडलेला चेंडू उचलून लांब मारायचा, तो मात्र औषधालाही नाही. चेंडू सोडून सगळं उडायचं. मुरूम, वहाण, एकदा तर इंजिनिअर साहेबांचा चष्मा.

त्या फटक्याला लाकडी टाळक्याची काठी लागते. साहेब तिला फेअरवे वूड म्हणायचे. नवी घ्यावी तर बैलजोडीचा भाव. म्हणून त्यांनी सिकंदराबादेहून जुन्या काठ्यांचं एक पोतं भंगाराच्या भावात आणलं आणि माझ्यापुढं ओतलं.

"यातली एक निवड," साहेब म्हणाले. "स्वस्तात दुरुस्त होईल अशी. आणि चूक पोटात घालणारी हवी. तात्यांचा फटका कुठंही लागला तरी चेंडू सरळ गेला पाहिजे. जमलं, तर तुझी कायमची ऑर्डर काढायला सांगतो."

कायम! चार वर्षं मी रोजंदारीवर होतो. त्या रात्री बायको म्हणाली, "कायम झालात म्हंजी पोरीला कळंबच्या शाळंत घालू." मला तर पोरगी तहसीलदार झालेलीच दिसायला लागली.

आता एवढे मिस्त्री सोडून मीच का? मी काही सुताराच्या घरचा नव्हे. बापानं दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, तेव्हा मी सहा वर्षांचा. सुतारकी मला दुष्काळानं शिकवली. खडीच्या कामावर कुदळीचे, घणांचे दांडे मी बसवायचो. अर्ध्या मराठवाड्यानं माझ्या दांड्यांवर दगड फोडले. बरं, अर्ध्या नाही, एका तालुक्यानं. अडाणी हाताला सांभाळून घेणारं हत्यार कसं असतं, ते मला हातात घेतल्याबरोबर कळायचं.

पोत्यात अकरा काठ्या होत्या. बोटाच्या पेरानं एकेक टाळकं वाजवून बघितलं, बाजारात माठ वाजवतात तसं. आठ टाळकी बद्द बोलली. आत चीर. उरल्या तीन. पहिलीचं तोंड उंच आणि उभं. ती उस्तादाची, केसभर चुकलं की फजिती. दुसरीचं पोट सपाट, खाली रुंद पितळेची पट्टी. गवतावर चालली असती, आमच्या मुरमावर आपटून उसळली असती. तिसरी ठेंगणी. तोंड बुटकं, मागं कललेलं, पोट गोल. रंग उडालेला, टाळकं काठीला जोडतं तिथला दोरा सुटलेला. दिसायला अगदी भिकार. मी तीच घेतली. टाळक्याच्या मागं, खालच्या अंगाला भोक पाडून शिसं ओतलं, म्हणजे वजन बुडाशी राहून चेंडू वर उचलला जाईल. मुठीला नवं चामडं गुंडाळलं.

आमचे हेडमिस्त्री गफूरचाचा हसले. "इसकू तो मेरी बुढ्ढी भी मारती रे!"

पण मारून बघितल्याशिवाय चूक पोटात घालते की नाही हे कसं कळणार? मी मारली. पहिला चेंडू असा सणसणत गेला की तेरखेड्याच्या लोकांना वाटलं, आपल्याच फटाक्यांच्या कारखान्यातला बाण सुटला. मग मुद्दाम चुकायला लागलो. टोकानं मारला. टाचेनं मारला. डोळे मिटून मारला. तात्यांसारखं चुकायचं म्हणजे खायचं काम नव्हे, त्याला अंगात पिढ्यान्‌पिढ्यांची बेफिकिरी लागते. पण चेंडू दरवेळी सरळ गेला.

तेवढ्यात तात्या आले. मागं इंजिनिअर साहेब, दोन-तीन संचालक, शिपाई. तात्यांनी काठी घेतली, चेंडू ठेवला, नेहमीसारखा वाकडा हात मारला. चेंडू सरळ.

"वा रं पठ्ठ्या!" तात्या खूश. "आधी कुणी ठोकून बघितली का न्हाई?"

गफूरचाचांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. बोलू नको. पण मी फुगलेला. "म्या, तात्या! धा-बारा डाव."

तात्यांनी काठी सोडली. ठेवली नाही, सोडली. तळहात धोतराला पुसला.

"मुठीला धरून?"

"मुठीलाच धरत्यात की, तात्या."

एक संचालक फिसकन हसला. तात्या हसले नाहीत. इंजिनिअर साहेब दुसरीकडं बघायला लागले, जणू तिकडं काही होतं. आणि मग ते वाक्य आलं. मूठ सोड.

टाळकं मी निवडलेलं, शिसं मी ओतलेलं. ते चाललं. तळहात चालला नाही.

गफूरचाचांनी नवी पट्टी गुंडाळली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मेरे कू भी घर है बेटा." मला त्यांचा राग आला नाही. मलाही घर होतं.

त्यानंतर हुकूम झाला की दर रविवारी काठ्यांची पिशवी मी धरायची आणि काठी देताना टाळक्याकडनं धरून द्यायची, मूठ तात्यांकडं. सहा रविवार मी तसं केलं. ऑर्डर टाइप होऊन तात्यांच्या टेबलावर पडली होती. मुंबईचे पाहुणे येऊन जाऊ दे, मग सही, असं हेडक्लार्क सांगायचा.

सातव्या रविवारी पाहुणे आले. तात्यांचा पहिला फटका बरा गेला. दुसऱ्यासाठी त्यांनी न बघताच हात मागं केला. मी काठी काढली. का कोण जाणे, त्या वेळी दीक्षेचं भाषण आठवलं नाही, बाप आठवला नाही, पोरीची शाळा आठवली नाही. फक्त चर्र ऐकू आलं. मी काठी मुठीला धरली. दोन्ही पंज्यांनी, गच्च.

"उलटी धर," तात्या दातातल्या दातात म्हणाले.

"न्हाय."

"काय म्हनलास?"

"अशीच घ्या, तात्या. माझ्या हातातनं."

"काय झालं, चेअरमनसाहेब?" पाहुण्यांनी विचारलं. "मारा ना."

तात्यांचा चेहरा गुळाच्या उकळत्या काहिलीसारखा झाला. पाहुण्यांपुढं काय सांगणार? त्यांनी हात पुढं केला. माझी बोटं निघायच्या आत त्यांची बोटं चामड्यावर आली. फटका चुकला, टोकाला लागला. चेंडू सरळ गेला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "सुरेख काठी आहे. कुणाकडून करून घेतली?"

तात्यांनी तळहात धोतराला पुसला.

"म्या केली," मी म्हणालो. पिशवी मुरमावर ठेवली आणि फाटकाकडं चालायला लागलो.

ऑर्डरवर सही झाली नाही. रोजंदारीही गेली. पोरगी कळंबला गेली नाही, गावच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली. माझी नातवंडं ही गोष्ट जिंकल्यासारखी सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात पाहुणे मला मिठी मारतात. मी दुरुस्त करत नाही. पण मला सातवा रविवार दिसत नाही. आधीचे सहा दिसतात. खाली मान घालून टाळक्याकडनं काठी देणारा एक धडधाकट माणूस दिसतो. त्याला मी हाक मारतो. तो वळून "जी" म्हणतो.

गावात मी अजून दांडे करतो. सुरुवातीला काहीजण अंगणाबाहेर उभे राहून म्हणायचे, "तिथं ठेव, उचलतो."

मी ठेवत नाही. दांडा धरून हात पुढं करतो आणि उभा राहतो. एकजण दुपारभर उभा होता, मीही होतो. घेणाऱ्याचा हात माझ्या हाताशी येईस्तोवर मी दांडा सोडत नाही. सोडणारही नाही.