रिकामा कप्पा नसलेलं कपाट

भालचंद्र मुंबईहून भाऊबीजेला जालन्याला बहिणीकडं आला आणि चपला काढायच्या आधीच त्यानं घरात खोड काढली. न्हाणीपाशी लाल पत्र्याची एक खेळण्यातली मोटार उलटी पडली होती. चाकांना गंज चढला होता, किल्ली गायब होती. गेल्या दिवाळीत त्यानंच ती भाचीला, शैलाला, आणून दिली होती.

"ताई, अगं काय ही दशा केलीत हिची?" त्यानं मोटार उचलून धोतराच्या सोग्यानं पुसली.

शैलाच्या बाकीच्या मोटारी आत खाटेखाली होत्या. एका फाटक्या दुरडीत, कांद्यांच्या शेजारी. पिवळी बस, निळी पोलीसगाडी, टप उघडणारी हिरवी मोटार, सगळ्या एकमेकींत अडकलेल्या. भालचंद्राला मूलबाळ नव्हतं. शैला लहान असताना त्यानं तिला विचारलं होतं, तुला काय आणू, आणि तिनं शहागडच्या रस्त्यावर नुकतेच ट्रक पाहिले असल्यामुळं बाहुली न मागता मोटार मागितली होती. तेव्हापासून तो येताना मोटारच आणायचा.

चहाला शेजारचे धर्मराव मास्तर बसले होते. त्यांच्यासमोर भालचंद्र बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, "वामनराव, तुमच्याकडे ठेवायला जागा नसेल तर काचेचं एक कपाट मुंबईहून पाठवतो. रेल्वेनं येईल."

वामनरावांनी बशी खाली ठेवली. "गरज न्हाई. कपाट मी करतो."

"करवून घेणार?"

"करवून न्हाई. करतो. माझ्या हातानं."

भालचंद्र हसला. मास्तरही हसले, कारण वामनराव म्हणजे कचेरीतले कारकून. उभ्या जन्मात त्यांनी खुंटीसुद्धा ठोकलेली कुणी पाहिली नव्हती.

या दोघांचं वैर मोटारींचं नव्हतं. निजामाचं राज्य होतं तेव्हा भालचंद्र निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कँपात गेला होता आणि वामनराव कचेरीत उर्दू कागद लिहीत राहिले होते. नोकरी सोडायची असते असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्याच दिवसांत भालचंद्राचे वडील घनसावंगीला वारले. मुलगा पलीकडं, रस्ते बंद, वेळ वाईट. जावई या नात्यानं वामनराव बैलगाडीनं गेले आणि अग्नी देऊन आले. पोलीस ॲक्शननंतर भालचंद्र परत आला, सत्कार झाले, हार पडले, पुढं मुंबईत नोकरी लागली. पण बापाच्या चितेला दुसऱ्याचा हात लागला हे त्यानं कधी गिळलं नाही. आणि कुणी एका शब्दानं आपले उपकार मानले नाहीत हे वामनराव विसरले नाहीत. पूर्वी भालचंद्र त्यांना दाजी म्हणायचा. आता वामनराव म्हणायचा.

भालचंद्र गेल्यावर वामनराव कुंडलिका नदी ओलांडून सदर बाजारात गेले. शिवनारायण किराणावाल्याच्या दुकानामागं चहाची रिकामी खोकी पडलेली असत.

"बाबूसाब, खोकी कशाला पायजे?" शिवनारायणनं विचारलं.

"कपाट करून राह्यलो."

"तुम्ही? अरे, सुतार काय मेले काय? मी सांगतो ना, जल्दी करून देईल."

"द्यायची असली तर खोकी द्या. सल्ला नको."

शिवनारायणनं खोकी दिली आणि हमालाकडं बघून डोळा मारला. वामनरावांनी तो पाहिला आणि मनात ठेवला. असं बरंच काही ते मनात ठेवत.

पहिलं कपाट त्यांनी हिवाळ्यात केलं. खोक्यांच्या कडांना पत्र्याच्या पट्ट्या असत, त्या उचकटताना अंगठा फाटला. फळी करवतीखाली चिरफाळली. कसंबसं उभं राहिलेलं ते धूड शैलानं पिवळी बस ठेवताच एका बाजूला कलंडलं आणि बसचा टप चेपला. शैला रडली. त्यांची बायको शरयू स्वयंपाकघरातून बाहेर आली, पडलेल्या फळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "भालूला हसायला आणखी एक कारण दिलंत."

तिनं दुसरं काही म्हटलं असतं तर वामनरावांनी तिथंच नाद सोडला असता.

मग मात्र ते हट्टाला पेटले. कचेरीतून आले की ओसरीवर फतकल मारून बसत. रंधा मागून आणला, लाकूड चिकटवायचा सरस शिजवून सगळ्या घरात वास सोडला. शरयूनं नाकाला पदर लावला की ते मुद्दाम आणखी थोडा शिजवत. धर्मराव मास्तर गंमत बघायला आले तेव्हा त्यांच्याकडं न बघता खिळा ठोकत राहिले. मास्तर उठून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. हळूहळू हात बसला. सांधे घट्ट व्हायला लागले. एखादी फळी खाचेत बरोबर बसली की वामनरावांना छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटे, आणि लगेच भालचंद्राचं हसू आठवून ते पुन्हा घट्ट होई.

कपाटाची रचना त्यांनी कचेरीतल्या दप्तरखान्यावरून घेतली. तिथं कागदांच्या बस्त्यांसाठी भिंतभर खण होते. पण इथं खण सारखे नव्हते. ते एकेक मोटार फळीवर ठेवत, शैला ती दोन्ही हातांनी दाबून धरी, आणि ते पेन्सिलीनं तिच्या कडेनं रेघ ओढत. बसला लांबट कप्पा, पोलीसगाडीला बुटका, हिरव्या मोटारीला टप उघडेल इतका उंच. प्रत्येकीला तिच्या अंगाचा. शैलाला हा खेळ मोटारींहून जास्त आवडायला लागला. ती अभ्यास टाकून ओसरीवर येऊन बसे, भुशाच्या रांगोळ्या काढी, बापाला आज कोणाचं घर म्हणून विचारी. आपला बाप इतका वेळ आपल्याजवळ बसतो हे तिला नवीनच होतं.

शेवटची फळी बसवताना ती म्हणाली, "अण्णा, आणि मंग पुढच्या मोटारीचा कप्पा?"

"पुढची येत न्हाई."

"पण मामा दर वर्षी..."

"कपाट भरलं. बिलकुल जागा न्हाई. आता आणायचं काही कारणच न्हाई." वामनरावांनी खिळा ठोकला. "घरात किती मोटारी ठेवायच्या ते घरातला माणूस ठरवतो."

त्यांनी कपाटाला जवसाचं तेल पाजलं, ते भिंतीला ठोकलं आणि मोटारी लावल्या. खरंच देखणं झालं होतं. शेजारच्या बायका बघून गेल्या. शरयू मात्र बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं वरपासून खालपर्यंत कप्पे पाहिले आणि तिच्या सारं लक्षात आलं.

"हे कपाट न्हाई," ती म्हणाली. "हा माझ्या भावाच्या तोंडावर लावलेला दरवाजा आहे."

"तसं समज."

त्या पावसाळ्यानंतर हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्याच आठवड्यात दिवाळी आली. कचेरीत आता कुठले साहेब येतील, जुन्या उर्दूवाल्यांचं काय होईल, या काळजीनं वामनरावांची झोप उडाली होती. ते कुणाशी धड बोलत नव्हते. आणि भाऊबीजेच्या सकाळी भालचंद्र आला तोच दारातून ओरडत, "या, या आमच्या राज्यात! स्वागत आहे!"

त्याच्या काखेत मोठं पुठ्ठ्याचं खोकं होतं. शैलानं ते फोडलं. आत ट्रक होता. हातभर लांब, मागची फळी उघडणारा, किल्ली दिली की घरघरत पुढं जाणारा. इतकं मोठं खेळणं त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. शैला आनंदानं किंचाळली आणि सवयीनं तो घेऊन कपाटाकडं धावली.

तिनं बसच्या कप्प्यात तो घालून पाहिला. मग वरच्या कप्प्यात. मग बस काढून, ट्रक तिरका करून पाहिला. तो कुठंच जात नव्हता. ती बापाकडं बघायची, मामाकडं बघायची, पुन्हा दुसऱ्या कप्प्याशी झटायची. जणू जागा सापडत नाही ही तिचीच चूक होती.

भालचंद्र जवळ गेला. त्यानं कपाटावरून बोट फिरवलं. एकही कप्पा रिकामा नव्हता, एकही वाढवता येण्यासारखा नव्हता.

"वामनराव, काम सुरेख आहे," तो हळू म्हणाला. "मोटारींसाठी केलंत की माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मला वाटलंच. सरकार बदललं, पण तुमचा दप्तरखाना तोच. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही."

"आमच्या कचेरीचं नाव काढू नका. त्या कचेरीच्या पगारातूनच तुमच्या आईबापाला ज्वारी पोचत होती. तुम्ही तिकडं झेंडे नाचवून राह्यलते तेव्हा."

"आणि निजामाला सलाम ठोकणारा हात माझ्या बापाच्या चितेला लागला! मला विचारलं होतंत?"

"कोणाला विचारायचं होतं?" वामनराव ओरडले. "तुम्ही होते का तिथं? प्रेत किती वेळ ठेवायचं असतं माणसानं? मी गेल्तो म्हणून तुमचा बाप जळाला, न्हाईतर..."

वाक्य पुरं झालं नाही. मधल्या दारात शरयू ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. निरांजन पेटलेलं होतं. ज्या बापाबद्दल हे दोघं बोलत होते तो तिचाही होता, हे त्या क्षणापर्यंत दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"भालू, पाटावर बस," ती म्हणाली.

"ताई, या घरात नाही बसणार."

"मी सांगते म्हणून बस."

भालचंद्रानं पिशवी उचलली. शैलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला. शरयू दारापर्यंत ताट घेऊन गेली. वाऱ्यानं निरांजन विझलं. परत येऊन तिनं ताट वामनरावांच्या पुढ्यात ठेवलं, आदळलं नाही, नुसतं ठेवलं, आणि आत गेली.

त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोले. जेवायला वाढलंय. पाणी तापलंय. शैलानं ट्रक आपल्या कपड्यांच्या ट्रंकेत ठेवला. कपाटातल्या मोटारी काढणं तिनं सोडून दिलं, त्यांच्यावर धूळ साचायला लागली. एका रविवारी वामनरावांनी तिला हाक मारली. "ये, ट्रक धर. वर एक कप्पा वाढवतो."

"नका करू," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही माझ्यासाठी न्हाई करून राह्यले." एवढं बोलून ती पळाली. आठ-नऊ वर्षांची पोर. वामनराव पेन्सिल हातात धरून तसेच बसून राहिले. मारावंसं वाटलं, पण उठवलं नाही.

पुढच्या दिवाळीत भालचंद्र येणार नव्हताच. शरयूनं ट्रंक भरली.

"मी आणि शैला मुंबईला चाललो."

"कोणाला विचारून?"

"तुम्ही कपाट कोणाला विचारून केलतं?"

त्या दोघी गेल्यावर घर ऐन सणात अंधारं राहिलं. वामनरावांनी एक पणती लावली, ती तेलाअभावी गेली, ती त्यांनी पुन्हा लावली नाही. मग त्यांनी करवत काढली. शिवनारायणकडून आणखी खोकी आणली. या वेळी त्यानं काही विचारलं नाही, त्यांचं तोंडच तसं होतं. कपाटाची एक बाजू त्यांनी कापून काढली आणि तिथं मोठे, मोकळे कप्पे जोडले. खाली ट्रकचा, वर आणखी काही, कशाचेही. घाईत काम ओबडधोबड झालं. जुन्या नव्या लाकडाचा रंग जुळला नाही.

त्या दोघी परत आल्या तेव्हा वामनराव ओसरीवर पेपर घेऊन बसले. शैला आत गेली आणि कपाटापाशी थांबली. त्यांनी पेपर उलटला नाही.

"ट्रक आण की," शेवटी ते म्हणाले.

"ट्रक मामाकडंच ठेवला. तिथं गच्ची आहे, लई लांब पळतो."

शरयू ट्रंक सोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आता दर भाऊबीज तिकडंच. तुम्हाला यायचं असलं तर या. पण दारातच भालूची माफी मागावी लागेल."

"त्यानं माझी मागावी. मी त्याच्या बापाला अग्नी दिलाय."

"त्याच्या न्हाई. आमच्या. आणि दिलात म्हणून मी अजून या घरात आहे."

माफी मात्र वामनरावांनी मागितली नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. भालचंद्रही जालन्याला पुन्हा आला नाही. शरयू दर दिवाळीला मुलीला घेऊन जात राहिली. वामनराव टांगा ठरवत, स्टेशनावर बरोबर जात, गर्दीत घुसून दोघींना खिडकीपाशी जागा धरत, ट्रंक फळीवर चढवत, पाण्याचा तांब्या भरून देत. आणि भालूला काही सांगायचं का, असं शरयू विचारायच्या आत डब्यातून उतरून, मागं न बघता फलाटाबाहेर चालायला लागत.