मर्ना पास्कोच्या आतड्यातलं भोक

मर्ना पास्कोने ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गव्हाच्या पट्ट्यात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. माझी तिन्ही पोरं तिच्याच बसने गेली. लेक शहरात, नवरा वारल्यापासून ती एकटी, आणि कुणाला काम सांगणं तिच्या जिवावर यायचं. म्हणूनच कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे नळी घालून आतडं तपासायच्या वेळी तिने गुंगीचं औषध नाकारलं. गुंगी घेतली तर दिवसभर गाडी चालवता येत नाही. तिला तर इस्पितळातून सत्तर किलोमीटर स्वतःच गाडी चालवत परतायचं होतं.

डाव्या कुशीवर पडून ती पडद्यावर आपलं आतडं बघत होती. डॉक्टर हॅलोरननी एक चपटी गाठ तारेच्या फासात धरून कापली. कापल्या जागी भोक होतं, त्यातून पिवळी चरबी दिसत होती.

"ते काय आहे?"

"भोक पडलंय. माझ्या हातून," डॉक्टर म्हणाले. "आतूनच बंद करतो. अजिबात हलू नका."

"आणि नाही झालं तर?"

"विमानाने अॅडलेडच्या मोठ्या इस्पितळात. पोट उघडावं लागेल."

आतली हवा भोकातून पोटात शिरत होती. पोट तट्ट फुगलं, श्वास पुरेना. उठून पळावंसं वाटलं. पण नळी आत, जाणार कुठे? लोसा नावाच्या, सामोआ बेटांवरच्या धिप्पाड नर्सने तिचा खांदा दाबून धरला.

"आंटी, पडद्याकडे नका बघू."

"माझं आतडं आहे, मी बघणार."

"बघा मग. पण हललात तर अंगावर बसेन. माझं वजन दिसतंय ना?"

मर्नाला हसू आलं, पण हसायचीही सोय नव्हती.

डॉक्टरांनी पोटात सुई टोचली. फुस्स करून हवा सुटली, श्वास आला. मग नळीतूनच एकेक बारीक चिमटा घालून ते भोकाच्या कडा जुळवू लागले. पहिला चिमटा निसटला. मर्ना मनात बसचे थांबे म्हणत राहिली. शेवटचा आला तरी काम संपेना, तेव्हा उलटे म्हणू लागली. सात चिमटे लागले.

भोक मिटलं, सुटका मात्र नव्हती. चार दिवस सलाईन आणि प्रतिजैविकं. पहिले तीन दिवस तोंडात पाण्याचा थेंबही नाही. सारखं कुणीतरी येऊन पोट दाबून बघायचं. कडक लागलं की विमान. खिडकीतून खाली उभी असलेली तिची गाडी दिसायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन खुर्चीत बसले. "फास खोल गेला. चूक माझीच."

"माहितीये. बघत होते मी. आता पाणी द्या."

"उद्या."

"मग बसलात कशाला? जा."

पाचव्या दिवशी सूप पचलं आणि तिला घरी सोडलं. गाठ कर्करोगाकडे झुकलेली निघाली, पण ती पूर्ण कापली गेली होती. मर्ना पुन्हा बसवर रुजू झाली. फक्त अडकून पडायची धास्ती तेवढी राहिली, लिफ्टमध्ये ती पाऊल टाकत नाही. लेकीचं घर नवव्या मजल्यावर. मर्ना जिना चढते, प्रत्येक मजल्यावर थांबते आणि कुणी चौकशी केली तर त्याच्यावर खेकसते.