ताईच्या हातासाठी वकील

ताईचा हात मोडला तेव्हा त्याचं आम्हाला फार काही वाटलं नव्हतं. पांढुर्ण्याच्या तिच्या घरामागे, नळाजवळच्या शेवाळावर पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. शेजारणीनं तिला ऑटोत घालून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. एक्स-रे झाला, प्लास्टर झालं, गोळ्या मिळाल्या. मी सौंसरला नगरपालिकेत नोकरीला. फोनवर तिला म्हणालो, "चल, आता महिनाभर मशीनले सुट्टी!" तीही हसली. भाऊजी गेल्यापासून शिलाई मशीनवरच तिनं घर चालवलं होतं. बुद्धविहारातल्या बायकांचे पांढरे ब्लाउज तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचे त्यांना चालत नसत.

दुसऱ्या दिवसापासून हातात कळा सुरू झाल्या. ती दवाखान्यात गेली. "डॉक्टरसाहेब, बोटं मेल्यावाणी लागून राहिली," तिनं सांगितलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे बघत म्हणाले, "प्लास्टर आहे बाई, दुखणारच. थोडं सहन करा." ती पुन्हा गेली, तेव्हा डॉक्टर भेटलेच नाहीत, कंपाउंडरनं गोळी बदलून दिली.

रविवारी मी पांढुर्ण्याला गेलो तेव्हा तिची बोटं सुजून निळसर झाली होती. मी तिच्या अंगठ्याशेजारचं बोट चिमटीत दाबलं आणि विचारलं, "समजते काय?"

"काय समजते?" ती म्हणाली. मी बोट धरलं आहे हे तिला कळलंच नव्हतं.

मिळाली त्या गाडीनं मी तिला नागपूरला नेलं. सरकारी दवाखान्यात तिला पाहिल्याबरोबर त्यांनी प्लास्टर कापलं आणि तातडीनं ऑपरेशन केलं. हात वाचला. पण बोटं आत वळली ती वळलीच, एखादी गोष्ट घट्ट धरून ठेवल्यासारखी. तिथला एक तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला की सूज वाढून आतल्या आत रक्त कोंडलं होतं, पहिल्यांदा तक्रार केली तेव्हाच प्लास्टर उघडायला हवं होतं.

मग माझं डोकं फिरलं. ताई मात्र म्हणायची, "जाऊ दे बाबू. कोरोनात साऱ्या मोहल्ल्याले त्यानंच पाहिलं होतं. दुसरे तर दारं लावून बसले होते." तिचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवत नव्हतं. मी वकील शोधायला निघालो.

पहिले वकील पांढुर्ण्याचेच, वयस्कर. आमच्या घराच्या फेरफाराचं काम त्यांनीच केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे काम मी नाही घेत," ते म्हणाले. "त्या डॉक्टरच्या घरी माझं येणंजाणं आहे. घेतलं तर अर्ध्या मनानं लढीन, अन् तुम्हाले ते समजणारही नाही."

मी उठलोच. मागून त्यांचा आवाज आला, "थांबा. दवाखान्यातून इलाजाचे सारे कागद आजच मागा, लेखी मागा. अन् ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची असते. रागारागात ती घालवू नका." तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आज वाटतं, एवढं सरळ बोलणारी माणसं त्या सगळ्या भटकंतीत दोघंच भेटली, त्यांतले ते पहिले.

दुसरे वकील नागपूरचे. ऑफिस काचेचं, गार. ताईला मी सोबत नेलं होतं. ते माझ्याशीच बोलत राहिले. नोटीस गेली की डॉक्टर कसा घाबरेल, आपण मागणी कशी मोठी ठेवायची, पेपरात कसं छापून आणता येईल. मला बरं वाटत होतं. कोणीतरी माझ्याइतकं चिडलं होतं.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीकडे बसली. मग म्हणाली, "त्यानं माझा हात पाहिलाच नाही."

"तो वकील आहे ताई, डॉक्टर थोडीच आहे!"

"मी पदराखाली झाकून बसली होती. दाखवा तरी म्हणायचं."

मी चिडलो. तुझ्यासाठीच धावून राहिलो मी, असं काहीसं बोललो. तिनं पदर हातावर आणखी ओढून घेतला.

नंतर आणखी दोघांना भेटलो. एकानं जमिनीच्या कामांशिवाय काही घेत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं दर वेळी पुढच्या आठवड्यात या म्हटलं. शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं छिंदवाड्याच्या एका वकीलबाईंचं सांगितलं. माहेर त्यांचं आमच्याकडच्याच मोहगावचं, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. मी नेहमीसारखी सुरुवात केली. घसरून पडली, प्लास्टर घातलं, डॉक्टरनं लक्ष दिलं नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसता काय? मले ताईंशी बोलायचं आहे."

बाहेर बाकावर बसलो. दाराच्या फटीतून ताईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी थांबत थांबत, मग सलग. एवढं सलग ती माझ्याशीही बोलली नव्हती, कारण तिच्या वाटचं सगळीकडे मीच बोलत होतो. हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं.

त्यांनी मला आत बोलावलं तेव्हा ताईचा हात टेबलावर उघडा होता आणि वकीलबाई एकेक बोट हळूच सरळ होतं का ते बघत होत्या.

"खोटं नाही सांगत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरविरुद्धच्या केसमध्ये दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत लागते, अन् ते सहजासहजी कोणी देत नाही. वेळ लागेल. हरूही शकतो. पण ताईंचं ठरलं आहे."

मी ताईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. आत काय बोलणं झालं ते तिनं मला आजवर सांगितलं नाही.

मत द्यायला खरोखरच कोणी तयार होईना. नागपूरचा तो तरुण डॉक्टरही म्हणाला, "तोंडी बोललो ते वेगळं." वकीलबाई तरी विचारत राहिल्या, आणि अखेर एका निवृत्त हाडांच्या डॉक्टरांनी कागद तपासून मत लिहून दिलं. आयोगात तक्रार गेली. समोरून उत्तर आलं की पेशंटनं सांगितल्याप्रमाणे हात उंच ठेवला नाही, पुन्हा दाखवायलाही आली नाही. ते वाचून मी कागद टेबलावर आपटला. ताई फक्त म्हणाली, "आली नाही म्हणते?"

एका पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, डॉक्टर स्वतः आले होते. व्हरांड्यात आम्ही समोरासमोर आलो. थकलेले वाटले. मी तोंड फिरवलं. ते ताईजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, "हात कसा आहे आता?"

"तुम्हीच पाहा ना," ताई म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ पाहिला, जसा त्या दिवशी पाहायला पाहिजे होता तसा. मग म्हणाले, "त्या दिवशी फार गर्दी होती."

"मी त्या गर्दीतच उभी होती, डॉक्टरसाहेब."

त्यांनी हात अगदी सांभाळून खाली सोडला.

पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलानं, ती दाखवायला आलीच नाही हे म्हणणं सोडून दिलं. निकाल ताईच्या बाजूनं लागला, आणि त्यांनी वर अपील केलं नाही. मी पेढे आणले. ताईनं एक खाल्ला, बाकीचे शेजारी वाटले. आनंद झाला का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हलकं लागून राहिलं." डॉक्टरांचा दवाखाना अजून तिथंच आहे, आणि गल्लीतली माणसं अजूनही त्यांच्याकडेच जातात. ताई कोणाला अडवत नाही.

नंतरच्या ऑपरेशननं आणि व्यायामानं दोन बोटं थोडी उघडली. सुई धरता येत नाही. आता कापड ती डाव्या हातानं आखते, कापायला आणि मशीनवर शेजारीण बसते. परवा गेलो तेव्हा दोघींचं जोरात भांडण चालू होतं, बाहीचा कट कोणाचा चुकला यावरून. मी आल्याचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.