दोनदा उकळलेलं पाणी

लॅबमध्ये तिला सगळे लख्खताई म्हणत. आधी पाठीमागे, हल्ली तोंडावरही. टेबल असो, काचेची बाटली असो की दुसऱ्याचा चष्मा, डाग दिसला की बाईचे हात शिवशिवायचे. घरी नवऱ्याने धुतलेला कप ती पुन्हा धुवायची. बिचाऱ्याने आधी वाद घालणं सोडलं, मग कप धुणंही सोडलं. यात तोटा कुणाचा झाला, हे तिच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

तिचं काम चरबीचं. माणसाच्या. पोटाच्या ऑपरेशनात काढलेली चरबी, त्या माणसाने लेखी परवानगी दिली की, थंड डब्यातून लॅबमध्ये यायची. लख्खताई तिचे कणीएवढे तुकडे करून छोट्या वाट्यांत ठेवायची. चरबी तरंगणारच, म्हणून प्रत्येक तुकड्यावर बारीक जाळी. त्यांना पोसायला वासराच्या रक्तातलं काही वापरायचं नाही, माणसांनी दिलेल्या रक्ताचाच खुराक, असा इथला नियम. मग अर्ध्या वाट्यांना औषध घालून डिवचायचं, अर्ध्या निवांत ठेवायच्या. डिवचलेली चरबी चिडते, आतून सुजते, आणि ती सूज भोवतीच्या पाण्यात मोजता येते. वजन वाढलेल्या माणसाला मधुमेह जडतो त्याचं एक मूळ या चिडण्यात आहे, असं लॅबच्या प्रमुख मॅडम सांगत. चिडण्यातलं आपल्याला घरबसल्या कळतं, असं नवरा सांगे.

त्याआधी अकरा वर्षं ती उंदरांच्या खोलीत होती. पिंजरे तिने आरशासारखे ठेवले. पण प्रयोग संपून उंदरांना मारायचा दिवस आला की तिचा जेवणाचा डबा न उघडताच घरी परत यायचा. आपण काही हळव्या नाही, पित्त झालंय, असं ती सांगायची. पित्ताला तारखा बऱ्या पाठ होत्या. चरबीचं काम सुरू होऊन ती खोली बंद झाली, त्या दिवशी बाई शीळ घालत जिना उतरल्याचं दोघांनी पाहिलं आहे.

ती खोली बंदच ठेवायला मॅडमची अट एकच होती: लागोपाठ तीन खेपा नीट उतरल्या पाहिजेत. दोन उतरल्या. तिसऱ्या खेपेला निवांत ठेवलेल्या वाट्याही चवताळून उठल्या. न डिवचता चिडणाऱ्या चरबीवर भरवसा कसा ठेवायचा? मॅडमनी येत्या शुक्रवारची बैठक बोलावली आणि उंदरांची खोली पुन्हा उघडावी लागेल, असं सांगून टाकलं.

लख्खताईने सगळ्यांना धारेवर धरलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. डबा आणणाऱ्या ड्रायव्हरला, वाटेत कुठे टेकला होतात का, असं विचारलं. नुकत्याच कामाला लागलेल्या मुलीची नखं तपासली. शेवटी स्वतःची वही उघडली, तीसुद्धा दुसऱ्या कुणाचा दोष सापडावा म्हणून.

तिसऱ्या खेपेच्या मंगळवारची नोंद तिच्याच सुबक अक्षरात होती. शुद्ध पाण्याचं यंत्र बंद, म्हणून साधं पाणी दोनदा उकळून वापरलं. ‘दोनदा’खाली कौतुकाची रेघ.

उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांची टरफलं पाण्यात राहतात, आणि चरबी त्या टरफलांनाही शत्रू समजून पेटते, हे दर वर्षी नव्या मुलांना शिकवणारी तीच. पण आपण उकळलेलं पाणी अस्वच्छ असेल, ही शंका तिच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

तिची वही कुणी वाचत नसे. तशी कुणाची हिंमतच नव्हती. पान सहज निघालं असतं. ते तिने चिमटीत धरलंही होतं. बावीस वर्षांत एक चूक नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

“अगं, गप्प बसलीस तर दोष चरबीवर जाईल,” तो म्हणाला. “तुला कोण विचारतंय?”

“आणि उंदीर?” तिने विचारलं. ताट तिने तसंच बाजूला सारलं.

बैठकीत मॅडम बोलायला लागल्या आणि लख्खताई उभी राहिली.

“चरबी बरोबर वागली, मॅडम. चूक माझी आहे.” तिने वही उघडून पुढे ठेवली.

नखं तपासली गेलेल्या मुलीला नेमका तेव्हाच खोकला आला. मॅडमनी नोंद वाचली आणि विचारलं, की पाणी बघून काही कळलं नव्हतं का?

“नाही. मी तीनदा उजेडात धरून पाहिलं. मला कळलं नाही, चरबीला कळलं.”

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, की खेप पुन्हा करा, चांगल्या पाण्याने. आणि यापुढे ताईंची वही रोज दुसऱ्या कुणीतरी तपासायची. हे दुसरं तिला फार झोंबलं.

खेप पुन्हा झाली. निवांत वाट्या निवांत राहिल्या, उंदरांच्या खोलीचं कुलूप तसंच राहिलं, आणि लख्खताई सगळ्यांदेखत रडली. दुसऱ्या दिवशी वही तपासायला ती नवी मुलगी आली. भीत भीत तिने पहिल्याच पानावर पटकन सही करायला पेन काढलं.

लख्खताईने तिचा हात धरला.

“अशी सही नको करू,” ती म्हणाली. “माझंही चुकतं. नीट वाच.”